बाळंतिणीचा वाटा

अबोलीला कडेवर घेऊन घरासमोरच्या पायऱ्या चढताना मला दम लागू लागला, तेव्हा तिला अजून एकही दात आला नव्हता. बाळसं म्हणतात ते हेच, असं सगळे म्हणायचे. मनगटाला दोरा करकचून बांधावा तशा वळ्या, मांड्यांवर घड्या, आणि मान कुठे सुरू होते ते शोधावं लागायचं. बारशाला आलेली झबली घडी न मोडता दुसऱ्यांना देऊन टाकली. मला त्याचं कौतुकच होतं. दुपारी ती पिता पिता झोपली की मी तिची पोटरी हलकेच दाबून बघायचे. मऊ, गच्च, उन्हातल्या वाळूसारखी ऊबदार पोटरी. हे सगळं आपल्या दुधावर झालं, असं मनाशी म्हणायचे.

सासूबाईंना मी आये म्हणते. त्या रोज अबोलीला काजळाची तीट लावायच्या, गालाला एक, कपाळाला एक, तळपायाला एक. मी हसले की म्हणायच्या, "एवढ्या अंगाक एक तीट पुरात काय गो?"

आमची खारवाडी वेळण्याच्या खाडीला लागून आहे. ओहोटी लागली की बायका साड्या खोचून गाळात उतरतात आणि तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचतात. परतताना ज्या घरात अंगावर पिणारं मूल असेल, त्या घराच्या उंबऱ्यावर प्रत्येकीने एक ओंजळ ठेवायची, आणि तीही आपल्या पाटीतल्या सगळ्यात मोठ्या तिसऱ्या निवडून. याला म्हणतात बाळंतिणीचा वाटा. मूल चालू लागेपर्यंत तो येत राहतो. घरच्या पाटीतलं बाळंतिणीला द्यायचं नाही, तिने खायचं ते परक्या हाताचंच. हा वाटा कुणी मागत नाही आणि कुणी नाकारत नाही. नाकारला तर देणारीचा हात वाईट ठरतो आणि घेणारीचं दूध आटतं, असं म्हणतात. वाडीत भांडणं काय कमी आहेत का? पण एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायकाही वाटा ठेवून जातात. खाकरतात, मान वळवतात, पण ठेवून जातात.

माझ्या वेळी उंबऱ्यावर ढीग पडायचा. आये त्याचं कधी सुकं करायच्या, कधी सोलं घालून सार, आणि खास माझ्यासाठी एकशिपी. म्हणजे एक शिंप काढून टाकायची आणि दुसरीतच मसाला भरून तिसरी शिजवायची. मी बोटं चाटून खायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या आवडायच्याच. आणि त्या आता पूर्वीच्या तिसऱ्या राहिल्या नव्हत्या. माझ्या लहानपणी तळहातावर चांगल्या मूठभर मावायच्या. आता एक ठेवली की तळहात भरायचा.

ते विरजणामुळे.

विरजण हा बायकांचा शब्द. रेती उपसून उपसून आणि पाणी वर्षागणिक तापत जाऊन आमची खाडी तळातून ओस पडली होती. मग टेकडीवरच्या खाडी संशोधन केंद्राने एका शाबूत कांदळवनाच्या गाळातून एक जिवाणू शोधून काढला. तो गाळातल्या प्राण्यांच्या पोटात मुक्काम करतो, आणि ज्याच्या पोटात तो असतो तो प्राणी भराभर वाढतो. केंद्राने तो टाक्यांमध्ये वाढवला आणि ओहोटीला उघड्या गाळावर फवारला. दुधात विरजण लावतात तसं खाडीला लावलं, एवढंच बायकांनी त्यातून उचललं, आणि पुढे केंद्रातले लोकही तसंच म्हणू लागले. दोन पावसाळे गेले. गाळातले किडे बोटाएवढे जाड झाले, खुब्यांचे गोल शिंपले लिंबाएवढे झाले, आणि तिसऱ्यांचं तर सांगितलंच.

मी त्या केंद्रात काम करते. वाडीच्या सुनेने टेकडीवर बसून चिखलाचे फोटो काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, याची आमच्याकडे भरपूर थट्टा होते. नवरा, गौरेश, लांबच्या बंदरात टगबोटीवर आहे, वर्षातून दोनदा घरी येतो. बाळंतपणाची रजा संपली तशी मी अबोलीला आयेंकडे ठेवून कामावर जाऊ लागले.

पूर्वी तळाचे प्राणी मोजायचे म्हणजे होडीतून लोखंडी जबडा खाली सोडायचा, घासभर गाळ वर काढायचा, चाळणीवर धुवायचा आणि उरलेले जीव एकेक करून तोलायचे. मान मोडेपर्यंत काम करून ताटाएवढ्या जागेचा हिशेब लागायचा. आता आमच्याकडे गाळदर्शी आहे. घसरगाडीसारखं हे यंत्र एका बिनमाणसाच्या होडीमागून तळावर ओढलं जातं. ते गाळात आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आत पुरलेल्या प्रत्येक जिवाचं चित्र काढतं. लांबी-जाडी कळली की वजनाचा अंदाज येतो. अशी सगळ्यांची वजनं मिळवली की होतो जैवभार, म्हणजे एवढ्या गाळात एकूण किती वजनाचे जीव राहतात ते. आमच्या खाडीचा जैवभार कुणाला स्वप्नातही वाटला नसता इतका चढला होता. त्याचा अहवाल सरकारकडे जायचा होता, आणि किनाऱ्यावरच्या इतर खाड्या विरजणाची वाट बघत होत्या.

केंद्राचे प्रमुख डॉ. हेरवाडकर. मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी माझ्याकडे अहवालातला आकारांचा भाग दिला. कुठल्या मापाचे किती जीव, एवढंच. लेकुरवाळीला सोपं काम, असं म्हणाले आणि वर अबोलीचा फोटो बघायला मागितला.

निरोगी गाळात आकारांची एक उतरण असते. बारीक जीव अगणित, मध्यम त्याहून कमी, मोठे मोजके. कुठल्याही किनाऱ्यावर जा, पंक्तीत पोरं जास्त आणि म्हातारे कमी असावेत तशी ही उतरण सापडते. आमची उतरण सापडेना. मोठ्यांचा एक उंच ढीग होता आणि त्याच्या डाव्या बाजूला सपाट मैदान. मी घाबरले नाही. गाळदर्शी तांदळाच्या कणीपेक्षा लहान काही दिसलं की तो कचरा समजून वगळतं, तसंच ते बसवलेलं असतं. पिल्लं त्या कचऱ्यात गेली असणार, असं मला वाटलं. मी ती चाळण काढून टाकली आणि खरं सांगते, उत्सुकतेने बघायला बसले. एवढ्या मोठ्या आयांची पिल्लं किती असतील.

पडदा धुळीने भरून गेला. मी ठिपका न् ठिपका बघितला. जे जिवंत असतं ते दोन प्रतिध्वनींच्या मध्ये थोडं तरी सरकतं. वाळू होती, शिंपांचे तुकडे होते, हवेचे बुडबुडे होते. सरकत काहीच नव्हतं.

यंत्रावर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी जुनी चाळणी घेऊन मी गाळात उतरले. बायका तिथेच होत्या. आमच्या शेजारच्या वनिताकाकी, वाडीतल्या सगळ्यात चलाख वेचणाऱ्या, मला बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "यंत्राचे डोळे गेले काय गो, तू चिखलात उतारलंस ता?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग माझं लक्ष त्यांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटकडे गेलं. पूर्वी या बायका तिसऱ्या बांबूच्या रोवळीत खळबळायच्या, म्हणजे बारीक पिल्लं फटींतून परत खाडीत जायची. मी विचारलं, रोवळ्या कुठे गेल्या? वनिताकाकींनी क्रेट पायाने पुढे सरकवला आणि मोठ्या समाधानाने सांगितलं, "आता निवडूक लागणा नाय गो. सगळी एकसारखी. बारीकसारीक कायच नाय."

दुपार उलटेपर्यंत मी गाळ धूत राहिले. चाळणीवर राहिलं ते मोठं. चाळणीतून गेलं ते पाणी.

प्रयोगशाळेत तिसऱ्या उघडल्या. तो त्यांचा भरण्याचा हंगाम. अशा वेळी शिंप उघडली की मांसाच्या वर अंड्यांचा पिवळट थर दिसतो. पावसाळ्याआधीच्या तिसऱ्या 'भरलेल्या' म्हणून घरोघरी आवडीने खातात त्या याच थरासाठी. एकीतही थर नव्हता. मांस मात्र शिंपेच्या कडांपर्यंत तट्ट.

मला भाकरीची आठवण झाली. परातीत पीठ तेवढंच असतं. एक भाकरी थाळीएवढी थापली तर दुसरीला पीठ उरत नाही. प्रत्येक प्राणी जे खातो त्यातून दोनच गोष्टी करतो, स्वतःचं अंग वाढवतो नाहीतर पिल्लं घालतो. जास्तीचं अन्न पचतं म्हणून आमचे प्राणी मोठे झाले, असं सगळे धरून चालले होते. तसं नव्हतं. तो जिवाणू त्यांच्या शरीराला कसला तरी निरोप देत होता: पिल्लं नकोत, अजून थांब, अजून वाढ. ते बिचारे वाढत होते. थांबत होते आणि वाढत होते.

डॉ. हेरवाडकरांनी सगळं शांतपणे ऐकलं. एखादं वर्ष वीण फुकट जाते, असं त्यांनी सुचवलं. आपण जैवभार वाढवायला निघालो होतो आणि तो वाढला आहे, हेही सांगितलं. मी विचारलं, "सर, यांच्यानंतर कोण?" मग त्यांनी तिसऱ्यांचं मांस रसायनाच्या प्रयोगशाळेत पाठवायचं कबूल केलं. फवारणी थांबवू या, असंही मी म्हणाले. त्याचा आता काय उपयोग, असं ते म्हणाले. जिवाणू गाळात रुजला आहे, स्वतःहून वाढतो आहे. विरजण एकदा लागलं की दही परत दूध होत नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं तेव्हा मी घरी होते, अबोली पीत होती. डॉ. हेरवाडकरांनी फोनवर वाचून दाखवलं. निरोप देणारं ते रसायन सापडलं होतं. पाण्यात न विरघळणारं, चरबीत साठणारं, आणि शिजवून न मोडणारं. जीव जितका मोठा आणि जितका जुना तितका साठा जास्त. शिंपल्यांच्या आणि किड्यांच्या शरीरात ते काम करतं हे नक्की. त्यांना खाणाऱ्या पुढच्या प्राण्यांवर कुणी तपासलेलं नाही. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "रुचिता, तू अजून मुलीला अंगावर पाजतेस का?"

मी खाली बघितलं. आईच्या दुधातली चरबी आईच्या अंगातूनच येते. अबोलीने पिता पिता डोळे वर केले होते आणि पिणं न थांबवता ती माझ्याकडे बघून हसत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ निघाला होता. तो मी नेहमीसारखा पदराने टिपला नाही. बघत राहिले.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत मुलांची वजनं होती. अंगणवाडी एकच, खारवाडीची आणि टेकाडावरच्या वरच्या वाडीची. वरच्या वाडीत सगळी माळकरी घरं, चुलीवर मासळी चढत नाही. एरवी मी हे कधी बघितलं नसतं. त्या दिवशी बघितलं. वरच्या वाडीची तान्ही किडकिडीत, चुळबुळी, हातातून निसटणारी. आमची मोठाली, शांत, ठेवाल तिथे बसणारी. त्यांच्या आया शेजारी शेजारी बसल्या होत्या म्हणून एकाच गावची म्हणायची, नाहीतर दोन जातींची वाटली असती. मधल्या अंगाचं मूल एकही नव्हतं. अंगणवाडीच्या श्रुतीताई खुशीत होत्या. खारवाडीत आता कुपोषण औषधालासुद्धा नाही, वरिष्ठ कौतुक करून गेले, असं त्या सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी कपाटातले खोके खाली काढले आणि मला म्हणाल्या, तुमच्या वाडीत कुणाला हव्यात का बघा, गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्या मुदत संपून चालल्या आहेत. वरच्या वाडीच्या वाट्याच्या सगळ्या गोळ्या संपल्या. तुमच्याकडच्या तशाच पडून आहेत.

"यंदा खारवाडीने विश्रांती घेतलेली दिसते," असं म्हणून त्या हसल्या.

मी मनातल्या मनात वाडीतली घरं फिरून आले. नवी लग्नं झालेली, दुसऱ्याची वाट बघणारी. वनिताकाकींची सून पूर्वा तेवढी दिवस भरत आलेली होती, आणि तिला दिवस गेले ते कामासाठी परमुलखात असताना. बाकी कुणीही नाही.

गौरेशला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, तालुक्याला दाखवून ये. तिथल्या सोनोग्राफीवाल्या बाई वयस्क होत्या, प्रेमळ होत्या. त्यांनी अबोलीच्या पोटावर थंडगार जेल लावलं तसं तिने तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. पडद्यावर करड्या सावल्या हलू लागल्या. माझं आयुष्य अशाच पडद्यापुढे गेलंय. शरीरात सोडलेला आवाज आणि गाळात सोडलेला आवाज सारख्याच सावल्या परत आणतात. मुलगी जन्मते तीच आपली सगळी बीजं पोटात घेऊन. तान्हेपणी बीजकोशात त्यांचे बारीक काळे थेंब पुष्कळदा दिसतात, हे मी येण्याआधी वाचून आले होते. बाईंनी बोट ठेवून दाखवलं: हा गर्भाशय, हे बीजकोश, वयाच्या मानाने छान मोठे, अगदी स्वच्छ. मी विचारलं, आत थेंब दिसत नाहीत का? त्यांनी मान तिरकी करून पुन्हा बघितलं. काहींच्यात दिसतात, काहींच्यात नाही. आत्ताच काही सांगता यायचं नाही. मोठी झाली, वेळेवर शहाणी झाली, की कळेलच.

"एवढी गुटगुटीत पोर आहे तुमची," त्या म्हणाल्या. "कशाला शोधून शोधून काळजी करता?"

परतीच्या एसटीत मी अबोलीला मांडीवर घेऊन बसले. तिच्या वजनाने पाय बधिर झाले तरी हलले नाही. ती खिडकीबाहेर बोट दाखवत होती, झाडाला, गाईला, पुलाला. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द, तिचा स्वतःचा. मी प्रत्येक वेळी होय म्हणत होते.

घरी येऊन मी तिचं दूध तोडलं.

ते कसं झालं ते लिहवत नाही. बाटली तिने भिरकावली. माझ्या पदराशी झटली, ब्लाउज ओढला, आणि मी देत नाही म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघून अशी रडली, जणू मी चुकून दुसऱ्याच कुणाची आई निघाले होते. छाती दगडासारखी झाली होती. न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकत होते, आणि तिचं रडणं ऐकलं की ते आपोआपच वाहत होतं. आये दाराशी आल्या. पोर उपाशी टाहो फोडतेय आणि आई न्हाणीत दूध ओततेय, हे बघून त्यांचा तोल गेला. त्यातच त्या दिवशीचा वाटा मी शिजवू दिला नव्हता, आणि उंबऱ्यावरच्या तिसऱ्या पाटीत भरून परत पाठवायला निघाले होते. त्या मला खूप बोलल्या. शिकलेल्या बायकांची थेरं, लक्ष्मीला लाथ, माझ्या नातीच्या तोंडचा घास. मी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. विरजण, तिसऱ्यांचं रिकामं पोट, चरबी, दूध, अंगणवाडी, सोनोग्राफी. जमेल तितक्या सोप्या शब्दांत, एकातून एक.

सगळं झाल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले.

"म्हणजे ता मियाच भरवलंय तिका?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी सगळा वेळ माझ्या दुधाचा विचार करत होते. एकशिपी कुणी शिजवल्या, निवडून निवडून सगळ्यात मोठ्या माझ्या पानात कुणी घातल्या, ते माझ्या मनातही आलं नव्हतं. तसं नाही हो आये, असं मी म्हणत राहिले. त्यांनी अबोलीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि परसात निघून गेल्या. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मी डोकावले तर त्या पेजेत बोट बुडवून तिच्या जिभेवर ठेवत होत्या, आणि ती हुंदके देत देत ते चोखत होती.

वाडीत सांगायला मी घरोघर गेले. आधी वनिताकाकींकडे, कारण पूर्वा नुकतीच बाळंत झाली होती. बाळ अगदी बारकं, मुठीत मावेल असं. मुद्द्याचं एवढंच सांगितलं की पूर्वाला वाट्यातलं खायला देऊ नका. वनिताकाकींनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुझा चेडू गुटगुटीत झाला," त्या म्हणाल्या. "आता आमच्या झिलाचो वाटो तुझ्या डोळ्यांत सलता?" आतून पूर्वाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पुढच्या घरी माझ्याआधी ही गोष्ट पोचली होती. त्याच्या पुढच्या घरी मला बसासुद्धा म्हणाले नाहीत.

अहवाल गेला. त्यात जैवभार पहिल्या पानावर होता आणि माझा भाग मागे, पुढील अभ्यासाची गरज आहे, या शीर्षकाखाली. डॉ. हेरवाडकरांनी तो काढून टाकला नाही, याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं असावं. उत्तरेकडच्या खाड्यांसाठी विरजणाची पिंपं टेकडीवरून उतरवली तेव्हा ते खिडकीत उभे होते, आणि मी खाली रस्त्याच्या कडेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तशा आयेंनी साडी खोचली आणि पाटी उचलली. माझ्याकडे न बघता बायकांबरोबर गाळात उतरल्या. म्हटलं, यांनीही नाही मानलं. मी अबोलीला घेऊन दारात उभी राहिले. दूरवर बायका वाकत होत्या, उठत होत्या, आये त्यांच्यातच होत्या, ओळखूसुद्धा येत नव्हत्या.

परतताना मात्र त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या, त्यांच्या वयाला न शोभेल इतक्या झपाट्याने. आमच्या घरावरून पुढे गेल्या आणि वनिताकाकींच्या दाराशी थांबल्या. रिकामी पाटी बाजूला ठेवली. चिखलाने माखलेले पाय तसेच पसरून त्या पूर्वाच्या उंबऱ्यावर, बरोबर मधोमध, बसल्या आणि त्यांनी आपला पदर पसरला.

मोठ्या बाईने पसरलेला पदर आमच्याकडे रिकामा जाऊ देत नाहीत. बायका क्रेट घेऊन आल्या आणि अडखळल्या. वाटा ठेवायचा उंबरा पदराखाली होता.

"बाळंतिणीचो वाटो आजपासून माझ्या पदरात घाला," आये म्हणाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. वनिताकाकी गर्दीतून पुढे आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. भर वाडीत, त्यांच्याच दारात, त्यांच्याच नातवाच्या तोंडचं कुणी मागून घेत होतं. "तुका आता कोण पिता गो, सुगंधा?"

हसण्याची लाट आली. माझी सासू, जिने कधी कुणाच्या झाडाखालचा पडलेला नारळसुद्धा उचलला नाही, खाली मान घालून बसून राहिली. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. माझं समजावणं कुठे गेलं ते त्यांनी बघितलं होतं. त्यांनी फक्त पदराची टोकं आणखी ताणून धरली.

"माकाच भूक असा," त्या म्हणाल्या. "घाल."

पहिली ओंजळ पडली, मग दुसरी. मोठाल्या, ओल्या, काळसर तिसऱ्या एकमेकींवर आपटत होत्या. ठेवून जाणारी प्रत्येक बाई काहीतरी पुटपुटत होती, म्हातारपणी जीभ सुटली, लाज गेली, सुनेनेच शिकवलं असणार. पदर जड होऊन जमिनीला टेकला. त्या सगळ्या आमच्या परसातल्या खड्ड्यात जाणार होत्या, आणि उद्याही आये इथेच येऊन बसणार होत्या, आणि परवाही, आणि वाडी त्यांना हावरी म्हणत राहणार होती.

मी अबोलीला कडेवर घेऊन तिथे गेले आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. त्यांनी सरकून मला जागा दिली. अबोलीने त्यांच्या पदरातली एक तिसरी उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि तोंडाकडे नेऊ लागली. आयेंनी ती हलक्या हाताने काढून घेतली.

आमच्या पाठीमागे, घरात, पूर्वाचं बाळ जागं झालं आणि रडू लागलं. बारीक, चिरका, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज. लहान अंगातून येतो तसा. बायका बोलायच्या थांबल्या आणि नकळत सगळ्यांचेच चेहरे मऊ झाले. त्या आवाजामागून या वाडीत दुसरा आवाज येणार नव्हता, आणि हे उंबऱ्यावर बसलेल्या आम्हा दोघींनाच माहीत होतं.